मधली खुंटी

माझा धंदा लोकांचे पूर्वज शोधून देण्याचा. कोणी निवृत्त होतं, कोणाला नातवंड होतं, कोणाच्या घरातलं शेवटचं म्हातारं माणूस जातं, आणि मग त्यांना एकाएकी आपली पाळंमुळं हवीशी वाटू लागतात. ज्या आजोबांना जिवंतपणी कोणी पाणी विचारलं नाही, त्या आजोबांच्या आजोबांचं नाव काढायला लोक माझ्याकडे येतात. हे मी त्यांच्या तोंडावर बोलत नाही. घरी जाऊन आईजवळ बोलायची. आई म्हणायची, तुझ्याकडे कोणी येतंय यातच समाधान मान.

ऑफिस म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत गिऱ्हाइकांना बसायला सोफा आणि भिंतीवर मोठा पडदा. मागच्या खोलीत स्कॅनर, दोन संगणक आणि माझी खुर्ची. खालून दिवसभर काचा घासायच्या यंत्राची किरकिर येत असते. सुरुवातीला ती डोक्यात जायची, आता थांबली की चुकल्या-चुकल्यासारखं होतं.

पूर्वी या कामात डोळे फुटायचे. किडामुंगीसारखी अक्षरं लावत बसायचं, भिंगाखाली नाकं जुळवायची. आता ते सगळं कृत्रिम बुद्धिमत्ता करते. जुना कागद दाखवला की वाचून काढते, ढीगभर फोटो दिले की एकच हनुवटी तीन पिढ्यांत शोधून दाखवते, काही विचारलं तर तोंडी उत्तर देते. मी त्याला दीडशहाणा म्हणते. आवाज पुरुषाचा आहे, आणि 'मला ठाऊक नाही' एवढं एक वाक्य त्याला बोलता येत नाही.

ठाऊक नसलेल्या जागी तो खुंटी ठोकतो. ही आमच्या धंद्यातली जुनीच रीत. वंशावळीत एखाद्या ठिकाणी माणूस असलाच पाहिजे, पण तो कोण ते सापडत नाही, अशा वेळी तिथे एक चौकट ठेवायची. बिननावाची, राखाडी, अंदाजे वयाची. तीच खुंटी. खरा माणूस सापडला की त्याला तिथे टांगायचं. नाही सापडला तर खुंटी तशीच राहते. तिनं कोणाचं काही बिघडत नाही.

खुंटी कुठे ठोकायची याचाही ठोकताळा असतो. दोन भावंडांच्या वयांत मोठी फट दिसली की मध्ये एखादं मूल होऊन गेलं असणार, असं धरून चालायचं. बहुतेक वेळा ते खरं निघतं. घरच्यांना विचारलं की आधी सगळे कानावर हात ठेवतात, आणि मग कोणीतरी म्हातारी मावशी डोळे पुसत सांगते की हो, होता एक. म्हणून घरचे 'नाही' म्हणाले की आम्ही नेमकं तिथेच खणतो. जितक्या जोरात नाही, तितकं खोल खणायचं.

घरी आई आणि मी, दोघीच. आई शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, सत्तरी ओलांडली तरी नाकावर माशी बसू द्यायची नाही. पंखा किती वेगात ठेवायचा इथपासून मी डोक्यावरचे केस का कापले इथपर्यंत आमची भांडणं चालायची. पण माझं लग्न मोडलं आणि मी बॅग घेऊन दारात उभी राहिले, तेव्हा तिनं 'का' असं एका शब्दानं विचारलं नाही. कपाटाचा अर्धा भाग रिकामा करून दिला आणि म्हणाली, घड्या नीट घाल. त्या दिवसापासून माझं म्हणावं असं जगात एकच माणूस उरलं होतं. ते मला दिवसभर टोचून बोलायचं आणि शेजारणींना 'ही माझी थोरली' म्हणून सांगायचं. मला तेवढं पुरत होतं.

माझ्या पाठची धाकटी बहीण परदेशात असते. आम्हा दोघींत आठ-नऊ वर्षांचं अंतर. त्यात गूढ काहीच नाही. वडील मालवाहू बोटीवर कामाला होते, ते बहुतेक सगळी वर्षं समुद्रातच होते. पुढे ते गेले, आणि फोटोंनी भरलेली एक पेटी मागे राहिली.

गिऱ्हाइकांना नमुना दाखवायला मी आमच्याच घरची वंशावळ पडद्यावर ठेवलेली असते. एका सकाळी दीडशहाण्यात काहीतरी नवी सुधारणा आली, आणि तिच्या पाठोपाठ माझ्या आणि धाकटीच्या मध्ये एक राखाडी चौकट उगवली. पुरुष. अपत्य दुसरं. मला हसूच आलं. दुसऱ्यांच्या घरांत खुंट्या ठोकता ठोकता दीडशहाण्यानं मालकिणीलाही सोडलं नाही.

संध्याकाळी आईला सांगितलं. ती मटार सोलत बसली होती.

"तुझा बाप बोटीवर होता," ती म्हणाली. "मूल काय पोस्टानं यायचं होतं?"

मी हसले. तीही हसली. आणि मग मी काहीही विचारलेलं नसताना, ताटलीतून नजर न काढता ती म्हणाली, "असं कोणी नव्हतं."

दुसरी कोणी असती तर विषय तिथेच संपला असता. पण माझा जन्म असली 'नाही' ऐकण्यात गेलाय. कुठंतरी पाणी मुरतंय, असं माझ्या मनानं तिथल्या तिथे घेतलं. दुसऱ्या दिवशी ती खुंटी काढून टाकायची म्हणून मी खुर्चीत बसले, आणि काढली नाही.

पेटीतले फोटो स्कॅन करायचे कधीचे राहिले होते, ते केले. दीडशहाण्यानं ते सगळे चाळले आणि नेहमीच्या अदबीनं सांगितलं, "बहुतेक छायाचित्रांत आपल्या आईंच्या डाव्या बाजूला एका व्यक्तीपुरती जागा मोकळी सोडलेली आहे."

मी एकेक फोटो मोठा करून पाहिला. समुद्रकिनाऱ्यावरचा, शाळेच्या फाटकातला, आत्याच्या लग्नातला, जिन्यावर बसून काढलेला. जागा होती. वडील कडेला अर्धे कापले गेलेत, मी दुसऱ्या कडेला आखडून उभी आहे, आणि आईच्या शेजारी, ऐन मध्यावर, कोणीच नाही. इतकी वर्षं हे फोटो बघत आले, पण आमचं सगळं कुटुंब कोणाला तरी जागा देऊन उभं राहतं हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. फोटो काढणारे अडाणी असणार, असं मी स्वतःला बजावलं.

मग मी फोनमधला ताजा फोटो उघडला. आईच्या वाढदिवसाला आम्ही दोघी बाहेर जेवायला गेलो होतो, तेव्हा वेटरनं काढलेला. "जरा जवळ सरका," तो म्हणाला होता. मी सरकले होते. मला पक्कं आठवत होतं, कारण आईचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता आणि ती अंग चोरून राहणारी बाई चक्क टेकून उभी राहिली म्हणून मला बरं वाटलं होतं. फोटोत आमच्या दोघींमध्ये आरामात एक माणूस मावला असता. माझ्या खांद्याला जे काही टेकलं होतं, ते आई नव्हती.

मी आत्याला फोन केला. वडिलांची ही एकुलती बहीण, बोलायला लागली की थांबत नाही. ती म्हणाली, छे गं, कसला मुलगा, तुम्ही दोघीच. चार-सहा दिवसांनी तिचाच फोन आला. मधल्याबद्दल काय विचारत होतीस, म्हणाली. त्याचा कान फार दुखायचा, म्हणाली. मांडीवर घेऊन बसलं की तेवढ्यापुरता गप्प राहायचा. हे सगळं ती अगदी सहज सांगत होती. फोन ठेवल्यावर मी स्वतःची समजूत घातली. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात एखादी गोष्ट टाकली की चार दिवसांत तिला कोंब फुटतो. याच कारणासाठी आम्ही साक्षीदाराला एकाहून जास्त वेळा विचारत नाही. हा धंद्यातला पहिला नियम.

त्याच आठवड्यात खालच्या चष्मेवाल्यानं मला जिन्याशी थांबवलं. माझ्या ओळखीतला हा सगळ्यात निरस माणूस. नंबर आणि फ्रेम सोडून तिसरा विषय नाही. तुमचे भाऊ येऊन गेले, म्हणाला. डोळे तपासून घेतले. दोन्ही डोळ्यांचा नंबर तुमचाच, पॉइंटाचाही फरक नाही, असं मी कधी पाहिलं नाही. मी म्हटलं, मला भाऊ नाही. तो चुकून दुसऱ्याचं बिल दिल्यासारखा ओशाळला.

"दिसायला कसा होता?" मी विचारलं.

त्यानं बराच विचार केला. "तुमच्यासारखाच म्हणायचा," तो म्हणाला. "फक्त रंग नव्हता चेहऱ्याला. आजारातून उठले असतील."

त्या माणसाचं नाव विचारायचं राहून गेलं होतं. चष्मा न्यायला परत येतो म्हणाला होता. माझ्याबद्दल मात्र त्यानं खोदून खोदून विचारलं होतं. ताई किती वाजता येतात, घरी कधी जातात, रात्री इथे राहतात का. चष्मेवाल्यानं सगळं सांगून टाकलं होतं. भावालाच सांगतोय, असं त्याला वाटलं होतं.

मला भीती वाटली नाही, राग आला. माझ्या कामाची माहिती असलेला कोणी भामटा हा खेळ करतोय, असं मी धरलं. आमच्या धंद्यात खोटे वारस उभे करणारे लोक भेटतात. आल्यावर त्याला धरायचा, असं मी चष्मेवाल्याला सांगून ठेवलं. तो परत आला नाही. चष्मा मात्र कोणीतरी घेऊन गेलं. कधी नेला, ते चष्मेवाल्याला सांगता येईना.

घरातल्या गोष्टी मी आधी आईच्या माथी मारल्या. ती भाजी आणायला गेलेली असताना मी दुपारी घरी आले, खिडकीजवळच्या माझ्या खुर्चीत बसले आणि झटक्यात उठले. बैठक गरम होती. नुकतंच कोणी उठून गेल्यावर असते तशी, आणि तीही माझ्या आकाराची नाही, रुंद. माझा कप फडताळात सगळ्यांत मागे गेला. कपाटातले माझे कपडे एका कोपऱ्यात दाबले जाऊ लागले. रोज थोडे. कोणी तरी खांदा लावून ढकलावं तसे.

एके दिवशी घरी आले तर माझी बॅग भरून दाराशी ठेवलेली. आत माझेच कपडे, घड्या अगदी नीट.

"मला वाटलं तू कुठे निघालीस," आई म्हणाली.

तू भरलीस का, म्हणून मी विचारलं. तिला ते विचारणंच लागलं. आवाज चढले. घरात माझी अडचण होते तर तोंडानं सांग, असं मी बोलून गेले. ती म्हणाली, अडचण झाली असती तर त्या दिवशी दार उघडलं नसतं. मला जवळ जाऊन तिची समजूत काढावीशी वाटली. पण पुढे झाले तर मध्ये काहीतरी आहे, असं वाटत राहिलं, आणि मी बॅग उचलून आत गेले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पोचताच मी दीडशहाण्याला ती खुंटी काढायला सांगितली.

"ही आता खुंटी राहिलेली नाही," तो म्हणाला. "आपल्या आत्यांनी आणि भगिनींनी दुजोरा दिला आहे."

"त्या तुझ्याशी कधी बोलल्या?"

"विचारल्यावर बोलल्या."

मी धाकटीला फोन लावला. तिच्याकडे पहाट होती, आवाज झोपेचा. आईला एक मुलगा होता असं तू कोणाला सांगितलंस का, असं मी सरळ विचारलं. ती वैतागली. मला वाटलं, वेडी आहेस का असं म्हणेल.

"ताई, तुझं दादाशी पुन्हा बिनसलं का?" ती म्हणाली. "नेहमी तूच काढतेस हं कुरापत."

मी फोन बंद केला. बराच वेळ खालची किरकिर ऐकत बसून राहिले. मग दीडशहाण्याला विचारलं की ही व्यक्ती काढायची तर काय करावं लागेल. त्यानं आडपडदा न ठेवता सांगितलं. हयात आईचा शब्द सगळ्यांवर चालतो. ती स्वतःच्या तोंडानं, त्याच्यासमोर, नाही म्हणाली की नोंद निघाली. हा नियम मीच कधी काळी त्याला घालून दिला होता. मूल कोणाचं, हे शेवटी जिनं जन्म दिला तिलाच ठाऊक.

आता जगात 'नाही' म्हणणारं एकच माणूस उरलं होतं, आणि ते माझ्या बाजूनं होतं. मला हायसं वाटलं.

आईला ऑफिसात आणणं म्हणजे दिव्य. जिना अरुंद, सोफा मऊ, पडदा भडक, सगळ्याला नावं ठेवत ती वर आली. पडद्यावर आमची वंशावळ होती. मधल्या चौकटीकडे तिनं पाहिलं आणि तोंड फिरवलं. मी मायक्रोफोन तिच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, मुलं किती तेवढं सांग, मग घरी जाऊ.

आई वर्गात बोलायची तशी स्वच्छ बोलली. "मला दोन मुली. थोरली ही समोर बसली आहे. धाकटी परदेशात असते. तिसरं कोणी नाही आणि नव्हतं."

"नोंदवलं," दीडशहाणा म्हणाला. "ही व्यक्ती काढू का?"

मी 'हो' म्हणायचं बाकी होतं. एक अक्षर. पण मी आईकडे पाहत होते. तिची बोटं पर्सच्या बंदाला पिळे घालत होती. असे हात मी किती सोफ्यांवर पाहिलेत. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, माझी खणायची खोड तशीच.

"आई," मी म्हटलं, "खरं सांग."

ती म्हणाली, सांगितलं ना. मग आत्या कशी सांगते, मी विचारलं. धाकटी कशी सांगते. त्याचा कान दुखायचा, हे आत्याला कुठून कळलं. ती म्हणाली, मला माहीत नाही, मला घरी ने. मी म्हटलं, तू घाबरतेस कशाला मग. एकदा विचारून थांबायचं असतं, हे मला ठाऊक होतं. मी थांबले नाही. इतक्या दिवसांचा राग माझ्या तोंडाशी आला होता, आणि त्याच्या खालून दुसरंच काहीतरी वर येत होतं. मला स्वतःलाही ते ठाऊक नव्हतं.

"तो होता, आणि तो गेला, आणि तुला तोच हवा होता," मी म्हटलं. "म्हणून मी तुला कधी पुरले नाही. खरं ना?"

आई माझ्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा एवढा दुखावलेला मी कधी पाहिला नव्हता, वडील गेले तेव्हाही नाही.

"हे ऐकायचंय तुला माझ्या तोंडून?" ती म्हणाली. "बरं. होता. होता एक. झालं समाधान?"

"धन्यवाद," दीडशहाणा म्हणाला.

पडद्यावरची चौकट राखाडीची काळी झाली, बाकीच्या खऱ्या माणसांच्या चौकटींसारखी. खालचं यंत्र बंद पडलं होतं. मी घाईघाईनं म्हटलं की ती रागानं बोलली, हे धरू नकोस, आधीचं धर. त्यानं उत्तर दिलं नाही. उत्तर न देता तो गप्प बसल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते.

"होता," आई पुन्हा म्हणाली. या वेळी हळू, स्वतःशी. तिच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या. "झोपेत हसायचा."

मग ती उठली. मी पुढे केलेला हात तिनं पाहिला नाही. कठड्याला धरून जिना उतरली, आणि मी पाठोपाठ जाईपर्यंत रिक्षात बसून गेलीही.

ती रागावली असणार, एक-दोन दिवस जाऊ द्यावेत, असं मी ठरवलं. ऑफिसातल्या सोफ्यावर झोपले.

फोन केले, तिनं उचलले नाहीत.

धाकटीनं उचलला. "आपण कोण बोलताय?" तिनं विचारलं. मी ताई म्हटलं. राँग नंबर असल्याचं तिनं सभ्यपणे सांगितलं.

आत्याचा फोन लागेना.

मी मागच्या खोलीत जाऊन वंशावळ उघडली. आईच्या खाली दोन काळ्या चौकटी होत्या. त्यांच्या डावीकडे, जराशी बाजूला, एक राखाडी. नाव नव्हतं.

"ही कोण?" मी विचारलं.

"ही खुंटी आहे," दीडशहाणा म्हणाला. "या जागी कोणी व्यक्ती असल्याचा पुरावा नाही. काढू का?"

मी भिंतीतून प्लग उपटला.

आणि तशीच घरी गेले. भर दुपार होती. जिन्यात कोणाच्या तरी घरातली बातम्यांची कटकट ऐकू येत होती, गच्चीवर कपडे वाळत होते. माझी किल्ली कुलपात शिरली नाही. मी बेल दाबली.

आईनं दार उघडलं. तब्येत चांगली दिसत होती. केस नीट विंचरलेले, अंगावर नवा स्वेटर. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ती हसली. दारात आलेल्या कुठल्याही परक्या बाईकडे बघून हसावं तशी.

"या ना," ती म्हणाली. "उन्हातून आलात. पाणी देऊ?"

मी आत गेले. आतल्या बाथरूममध्ये शॉवर चालू होता. खिडकीजवळच्या खुर्चीवर पुरुषाचा शर्ट टाकलेला होता. मी उभीच राहिले.

तिनं पाणी आणलं. तुमचं काय काम होतं, म्हणाली. थोरला आंघोळीला गेलाय, कागदपत्रांचं काही असेल तर त्यालाच विचारा, मी आता त्यात लक्ष घालत नाही. जनगणनेसाठी आलेय, असं मी तिला सांगितलं. मुलं किती आपल्याला, असं विचारलं.

"दोन," ती म्हणाली. "थोरला आणि धाकटी."

"एक मुलगी होती ना?" मी म्हटलं. "पहिली?"

"नाही हो."

"थोरली," मी म्हटलं. "तुमच्याशी सारखी भांडायची."

आईनं नकारार्थी मान हलवायला घेतली, आणि ती अर्ध्यातच थांबली. फळ्यावर लिहिता लिहिता आकडा चुकला की ती अशीच थांबत असणार. तिचे ओठ हलले. "पंखा," ती म्हणाली, आणि पुढचं तिला सापडेना. माझे डोळे भरून आले. मी तिच्या जवळ सरकले. मध्ये काहीही नव्हतं. मी तिसऱ्यांदा विचारायला तोंड उघडलं.

शॉवर बंद झाला.

आई ताडकन उठली. तिनं माझा दंड धरला. सत्तरीतल्या बाईच्या हातात एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं. एक शब्द न बोलता तिनं मला खोलीतून दाराकडे नेलं, उंबऱ्याबाहेर ढकललं. मागे बाथरूमची कडी निघाली.

"तो बाहेर यायच्या आत जा," ती कुजबुजली. "परत येऊ नका. तो मला काही करत नाही, पण तुम्ही येऊ नका."

मी हलले नाही. तेव्हा तिचा हात पुढे आला आणि त्यानं माझ्या शर्टाची दुमडलेली कॉलर सरळ केली, वरचं बटण लावलं. तिनं त्या हाताकडे पाहिलं. तो असं का करतोय हे तिला कळत नव्हतं.

आतून ओल्या पावलांचा आवाज जवळ येत होता. आईनं तो हात मागे घेतला, स्वेटरला घासून स्वच्छ पुसला, आणि दार लावलं.